काळ्या टेपखालचा दिवा

मरहूम अब्बांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली आमची गाडी २०१३ सालची आहे. पांढरी, लहान, पेट्रोलवर चालणारी. त्या वर्षी रमजान ईद ऑगस्टमध्ये आली होती आणि ईदच्याच आठवड्यात गाडी दारात उभी राहिली. अब्बांनी पहिल्या दिवसापासून एक वही केली. टाकी भरली की तारीख, किती लिटर, किती किलोमीटर, सगळे त्यात लिहायचे. तीन वर्षांपूर्वी ते गेले. मुलांचे अब्बा सौदीत नोकरीला, त्यामुळे गाडी आणि वही दोन्ही माझ्याकडे आल्या. अम्मींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणे, मुलांचे क्लास, माझी शाळा, सगळे याच गाडीवर.

गेल्या वर्षी पावसाळ्यात मोहोळला एका लग्नाला निघालो होतो. सोलापूर सोडले आणि समोरच्या मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागला. गाडी नीट चालत होती. आवाज नाही, धक्के नाहीत. लग्न आटोपून परत आलो तरी दिवा तसाच.

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्याच एका गॅरेजवर गेले. तो म्हणाला, "कुछ नहीं टीचर, सेन्सर का लाइट है. पुरानी गाडी में आताइच. गाडी तो चल रही ना?" त्याने बॅटरीची वायर दहा मिनिटे काढून ठेवली आणि परत लावली. दिवा गेला. चौथ्या दिवशी पुन्हा हजर. या वेळी त्याने मीटर उघडला आणि त्या दिव्यावर काळ्या टेपचा एक तुकडा चिकटवला. "अब नहीं आएगा." मी दोनशे रुपये दिले आणि खरे सांगते, मला बरे वाटले. डोळ्यासमोरून कटकट गेली होती.

पुढचे आठ महिने दिवा दिसला नाही. पण वही बोलत होती. अब्बांच्या काळात लिटरला सतरा किलोमीटर देणारी गाडी आधी पंधरावर आली, मग तेरावर. सकाळी बोळात गाडी सुरू केली की पेट्रोलचा उग्र वास यायचा. अम्मी खिडकी लावून घ्यायच्या. मी समजूत घातली की गाडी म्हातारी झाली, चालायचेच.

मधल्या काळात पीयूसीची मुदत संपली. एका केंद्रावर गेले. तिथल्या मुलाने सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि आकडा बघून मान हलवली. कार्बन मोनॉक्साइड २.१ टक्के. आमच्यासारख्या बीएस-४ पेट्रोल गाडीला इंजिन मंद चालू असताना ०.३ टक्क्यांपर्यंतच परवानगी आहे. म्हणजे मर्यादेच्या सातपट. मी घाबरले. तो म्हणाला, "मॅडम, थोडे वरचे पैसे द्या, होऊन जाईल." नळी शेजारच्या नव्या गाडीत गेली आणि माझ्या गाडीच्या नंबराचे प्रमाणपत्र छापून हातात आले. त्याच आठवड्यात मी सातवीच्या वर्गात हवेच्या प्रदूषणावर शिकवले होते. तरी तो कागद मी मुकाट्याने घडी घालून गाडीत ठेवला.

या वर्षी ठरवले की गाडी विकावी. आमच्या शाळेत नव्याने आलेली एक शिक्षिका जुनी गाडी शोधत होती. तिच्या मुलाला दमा आहे. रिक्षातून जाताना धुराने त्याची छाती भरते, म्हणून तिला चार काचा बंद होणारी गाडी हवी होती. रविवारी ती मुलाला घेऊन गाडी बघायला आली. मी किल्ली फिरवली, तशी ती म्हणाली, "आपा, थांबा जरा. किल्ली फिरवली की सगळे दिवे एकदा लागतात ना? माझ्या भावाच्या गाडीत तो इंजिनाचा दिवाही लागतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. तुमच्यात तो लागलाच नाही."

मी म्हणाले, "बल्ब गेला असेल."

तोंडातून निघून गेले. मागच्या सीटवर तिचा मुलगा बसला होता. त्याच्या खिशातून पंपाचे निळे टोपण डोकावत होते.

त्या रात्री इशाची नमाज झाली तरी मन ठिकाणावर नव्हते. बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढून दाखवण्याची घटना मी मुलांना कितीदा सांगितली आहे! वरचे धान्य कोरडे, आतले ओले. माझ्या गाडीत वर काळी टेप, आत पेटलेला दिवा. फरक काय होता? आणि घेणारी कोण, तर धुराने दम लागणाऱ्या मुलाची आई.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी तिला सगळे सांगितले. टेप, पीयूसी, बल्बचे खोटे, काहीच लपवले नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग एवढेच म्हणाली, "आपा, आधी नीट करून घ्या. मग बघू."

अक्कलकोट रोडच्या बाजूला एका मिस्त्रींचे गॅरेज आहे. वय पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी सगळ्यात आधी मीटर उघडून टेप काढली. म्हणाले, "पहले इसको बोलने तो दो, बाजी." मग स्टीअरिंगखाली असलेल्या चौकोनी सॉकेटमध्ये स्कॅनर लावला. हे सॉकेट आपल्यापैकी बहुतेकांनी कधी पाहिलेलेही नसते. पडद्यावर दोन कोड आले, पी ०१३५ आणि पी ०४२०. मी शिक्षिका आहे म्हटल्यावर त्यांनी ते समजावून सांगितले. जे मला कळले ते तुम्हालाही सांगते, कारण आपल्या घरांतून दहा-बारा वर्षांच्या गाड्या पुष्कळ आहेत.

गॅसच्या शेगडीची ज्योत निळी असली की गॅस नीट जळतो. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते आणि पातेल्याचे बूड काळे होते. इंजिनातही तेच. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. शेगडीजवळ आपण उभ्या असतो, ज्योत बघून नॉब फिरवतो. इंजिनाच्या आत बघणार कोण? त्यासाठी सायलेन्सरच्या नळीत, इंजिनाजवळ, एक ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. दिसायला स्पार्क प्लगसारखा. त्याच्या टोकाला झिर्कोनियाची खास चिनीमाती असते. नळीतल्या धुरात किती ऑक्सिजन उरला आणि बाहेरच्या हवेत किती आहे, या फरकावर तो बारीकशी वीज तयार करतो. पेट्रोल जास्त झाले तर ०.९ व्होल्टच्या आसपास, कमी झाले तर ०.१ च्या आसपास. गाडीचा कॉम्प्युटर ते वाचून दर क्षणी पेट्रोल कमी-जास्त करतो. म्हणून चांगल्या सेन्सरचा आकडा सतत वर-खाली नाचत राहतो. स्थिर राहिला तर समजावे, काहीतरी बिघडले.

हा सेन्सर थंडीत काम करत नाही. त्याला सुमारे तीनशे अंश सेल्सियस उष्णता लागते. इंजिन तापेपर्यंत थांबायला नको म्हणून त्याच्या पोटातच एक छोटा हीटर असतो. पी ०१३५ म्हणजे त्या हीटरची वीजजोडणी बिघडली. आमची गाडी जास्त करून घर, शाळा, बाजार एवढीच फिरते. सेन्सर तापायच्या आत आम्ही पोहोचलेलो असायचो, आणि इंजिन मंद चालू असले की तो पुन्हा थंड व्हायचा. तोपर्यंत कॉम्प्युटर अंदाजाने पेट्रोल सोडायचा, तेही सढळ हाताने. वहीतला तेराचा आकडा तिथून आला होता.

दुसरा कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा. सायलेन्सरच्या वाटेवर हा एक लोखंडी डबा असतो. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायॉक्साइड, न जळलेल्या पेट्रोलचे पाणी आणि कार्बन डायॉक्साइड, नायट्रोजनच्या घातक वायूंचा साधा नायट्रोजन, हे काम तो करतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तात तो ऑक्सिजनची जागा घेतो. म्हणूनच बंद जागेत गाडी चालू ठेवू नये असे सांगतात. कन्व्हर्टरच्या पुढे दुसरा ऑक्सिजन सेन्सर असतो. डबा नीट असेल तर या सेन्सरचा आकडा शांत राहतो. तो पहिल्यासारखाच नाचू लागला तर डब्याचे काम थांबले आहे.

मिस्त्रींनी लगेच डबा बदला म्हटले नाही. "कोड गवाह का नाम बताता, मुजरिम का नहीं." आधी त्यांनी सायलेन्सरची नळी कुठे फुटली आहे का पाहिले. सेन्सरच्या आधी भोक असेल तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सर ऑक्सिजन जास्त दाखवतो आणि कॉम्प्युटर विनाकारण पेट्रोल वाढवतो. नळी ठीक होती. एअर फिल्टर मात्र मातीने भरलेला होता. प्लग काळे पडले होते. हीटरचा फ्यूज आणि वायर तपासून मग पुढचा सेन्सर बदलला, कोड पुसले आणि म्हणाले, "अब तीनसौ किलोमीटर चलाओ."

पेट्रोलचा वास गेला. लिटरमागे सोळा किलोमीटर आले. पण अडीचशे किलोमीटरला दिवा परत लागला. पी ०४२० एकटाच. आठ महिने जास्तीचे पेट्रोल त्या डब्यात जाऊन जळत राहिले आणि जाळी जागोजागी वितळली. दिवा लागला त्याच महिन्यात आले असते तर सेन्सर, फिल्टर आणि प्लगवर भागले असते. आता सेन्सरच्या पाच-सहापट खर्च समोर होता.

एका ओळखीच्याने सल्ला दिला, डबा फोडून आतून पोकळ करा आणि मागच्या सेन्सरला फसवणारा एक तुकडा बसवा, कोणाला कळत नाही. मला कळणार होते. आणि आमच्या बोळात खिडक्या किती जवळ आहेत! मी भिशीचे पैसे काढले आणि नवा कन्व्हर्टर बसवला.

मग गाडी दुसऱ्या केंद्रावर नेली. कार्बन मोनॉक्साइड ०.०५ टक्के. जुन्या प्रमाणपत्राची मुदत अजून बाकी होती, तरी ते फाडून टाकले.

मिस्त्रींनी सांगितलेल्या काही गोष्टी मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवल्या आहेत. किल्ली फिरवल्यावर इंजिनाचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. जुनी गाडी घेताना हे आधी बघा. दिवा स्थिर लागला तर चार-आठ दिवसांत स्कॅन करून घ्या. लुकलुकत असेल तर पेट्रोल सिलिंडरमध्ये नीट पेटत नाही, ते कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळते. वेग कमी करा आणि जवळच्या गॅरेजवर जा. बॅटरी काढून कोड पुसू नका. बिघाड जात नाही, त्याची नोंद फक्त जाते. एअर फिल्टर आणि प्लग वेळेवर बदला. इंजिन ऑइल पित असेल तर ते आधी दुरुस्त करा, ऑइलचा धूर सेन्सर आणि डबा दोघांनाही खातो. गाडी बंद पडली तर खूप लांबवर ढकलत सुरू करायचा प्रयत्न करू नका, कच्चे पेट्रोल डब्यात उतरते. डबा खूप तापतो, वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका. आणि कोणी कोड सांगून महागडा भाग बदलायला लावला तर आधी विचारा, तपासले काय काय?

दरमहा लिटरमागे किती किलोमीटर मिळाले ते लिहीत जा. हा सल्ला माझा, म्हणजे खरे तर अब्बांचा.

गाडी मात्र विकली गेली नाही. दुरुस्तीत दोन महिने गेले. तोवर त्या शिक्षिकेने भावाच्या ओळखीने दुसरी गाडी घेतली. मला वाईट वाटले, पण तिच्यावर राग नाही. पावसात कधी तिची गाडी गॅरेजला असली की ती आणि तिचा मुलगा आमच्याच गाडीतून शाळेत येतात. परवा मी किल्ली फिरवली, तो पिवळा दिवा लागला आणि इंजिन सुरू होताच विझला. मागून तिच्या मुलाने विचारले, "टीचर, तो कसला दिवा?"

म्हटले, "बेटा, तो आपल्याला खरे सांगतो."