नातवाने मागितलेलं नाणं

अब्बांचा आरटीपीसीआरचा अहवाल मी अजून ठेवलाय. एप्रिल २०२१ची तारीख आणि खाली एकच शब्द : पॉझिटिव्ह. बारा दिवसांनी अब्बा गेले. त्या कागदाचा मला पुढे कितीतरी दिवस राग येत असे.

गेल्या वर्षी अमेरिकेत मुलीकडे गेलो होतो. तिने आम्हाला यलोस्टोनला नेलं. १८७२ साली घोषित झालेलं हे राष्ट्रीय उद्यान जिवंत ज्वालामुखीवरच पसरलेलं आहे. जमिनीत मुरलेलं पावसाचं आणि बर्फाचं पाणी खोल तापतं आणि झऱ्यांतून, कारंज्यांतून उसळून वर येतं. आम्ही लाकडी वाटेवरून चालत होतो. सगळीकडे वाफ आणि सडक्या अंड्यांसारखा वास.

मुलगी सांगत होती, १९६६ साली थॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञाने इथल्याच एका झऱ्यातून थर्मस ॲक्वाटिकस नावाचा जीवाणू मिळवला. सुमारे ७० अंशांच्या पाण्यात तो मजेत वाढतो. पीसीआर तपासणीत नमुना पुन्हा पुन्हा ९५ अंशांच्या आसपास तापवावा लागतो. साधं विकर त्यात निकामी होतं, या जीवाणूचं टिकतं. म्हणून ती तपासणी इतकी सोपी झाली.

मी गप्पच झालो. अब्बांच्या त्या कागदाचं मूळ इथे होतं तर!

पुढे मॉर्निंग ग्लोरी नावाचं कुंड लागलं. एकेकाळी ते फुलासारखं निळंशार होतं. लोकांनी वर्षानुवर्षं त्यात नाणी आणि कचरा टाकला. पाण्याची वाट बुजत गेली, उष्णता घटली आणि काठावरचे पिवळे-नारिंगी सूक्ष्मजीव आत सरकले. १९५० साली कुंड साफ केलं, तेव्हा नाण्यांबरोबर रुमाल आणि मोजेही निघाले.

"नाना, एक नाणं द्या ना, मला काहीतरी मागायचंय," नातू म्हणाला. गाडी पुलावर आली की नदीत नाणं टाकणारी आपण माणसं. माझा हात खिशात गेलासुद्धा.

तेवढ्यात अम्मी आठवली. अब्बांचा अहवाल आला त्याच रात्री आम्ही तिला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. ती वाचली. कागदावर रागावण्याच्या नादात हे मी कधी मोजलंच नव्हतं.

नातवाला म्हटलं, "इथे काही टाकायचं नाही, बेटा. या पाण्याने आपल्याला आधीच पुष्कळ दिलंय."

संध्याकाळी मुक्कामावर पोचल्यावर अम्मीला फोन लावला.