न कळवता

प्रवासाचे मला दोनच प्रकार ठाऊक आहेत. एक, तिकिटांच्या खटपटीपासून तीन महिने आधी सुरू होणारा. आणि दुसरा, रविवारी सकाळी चहाचा दुसरा पेला रिकामा होता होता ठरणारा. पहिल्या प्रकारात माणूस पुष्कळ पाहतो, त्याची छायाचित्रे काढतो आणि पुढे वर्षभर आल्यागेल्याला ती दाखवून जेरीस आणतो. दुसऱ्या प्रकारात पाहायचे असे ठरलेले काही नसते. कुणाकडे तरी जायचे असते, इतकेच.

हा दुसरा प्रकार आता दुर्मीळ झाला आहे. सख्ख्या भावाकडे जायचे तरी आधी दूरध्वनी करून "घरी आहात ना?" असे विचारावे लागते. त्यात गैर काही नाही. यजमानाची तारांबळ होत नाही आणि पाहुण्याचा हेलपाटा वाचतो. वर्गात मुलांना शिष्टाचारावर निबंध सांगताना मीही हेच सांगत आलो आहे. परंतु गेल्या कार्तिकात माझे हे मत घुग्घुसला एका भिंतीपुढे उभे असताना डळमळले, त्याची ही हकीकत.

घुग्घुस हे सहलीचे ठिकाण नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. ते चंद्रपूर जिल्ह्यातले, वर्धा नदीच्या काठचे, कोळशाचे गाव. दोरीवर वाळत घातलेले पांढरे धोतर तिथे संध्याकाळपर्यंत पांढरे राहील याची हमी कुणी देणार नाही. पण ते माझे आजोळ. माझे मामा तिथल्या खाणीत होते, आणि नागपूरहून घुग्घुसला जाणे हा माझ्या लहानपणीचा सर्वांत मोठा सण होता. मोठा अशासाठी, की तो पंचांगात नसे.

वडील एका शाळेत मास्तर होते. शनिवारी सकाळची शाळा आटोपून घरी आले, की कधी कधी वहाणा न काढताच उंबऱ्यात उभे राहून म्हणत, "चला, घुग्घुसला जाऊन येऊ." आई म्हणे, "अहो, आधी एक कार्ड तरी टाकायचे!" त्यावर वडिलांचे उत्तर ठरलेले. "कार्ड पोहोचेल बुधवारी. आपण उद्या रात्री परत." आई कपाळाला हात लावी, पण माहेरचा रस्ता असल्याने तिच्या हरकतीत फारसा जोर नसे, आणि तोवर तिने पिशवीत माझा सदरा भरलेलाही असे.

पॅसेंजर सेवाग्राम, हिंगणघाट, वरोरा, भांदक असे करीत चंद्रपूरला पोचवी. आजी शेवटपर्यंत चंद्रपूरला चांदाच म्हणे. १९६४ साली झालेले नामांतर तिच्या कानांपर्यंत कधी गेलेच नाही. तिथून एस. टी.ने घुग्घुस. वाटेत लागणाऱ्या ताडालीहून घुग्घुसला रुळाचा एक फाटा जातो. पण तो कोळशासाठी. माणसांपेक्षा दगडाला आगगाडीची अधिक सोय, याचे मला त्या वयात फार नवल वाटे.

आम्ही पोचायचो ते बहुधा दिवेलागणीला. मामी दार उघडी, क्षणभर पाही, आणि मागे वळून मोठ्याने म्हणे, "अवं माय, नागपूरवाले आले!" त्या एका वाक्यात सगळे स्वागत संपे. मग तिचा हात पिठाच्या डब्याकडे जाई. आपण ज्याला पिठले म्हणतो त्याला तिकडे चून म्हणतात. चून, भाकर, कांदा, आणि मामी खुशीत असली तर लाखोळीच्या डाळीचे वडे. शेजारच्या तेलुगू बाईंकडून लोणच्याची वाटी येई, पलीकडच्या बिहारी कुटुंबाकडून दोन गोधड्या. खाणीच्या गावात देशभरचे लोक असतात. कमी पडलेल्या अंथरुणापुढे भाषेचा प्रश्न कधी आड येत नसे.

मामांची पाळी असे. भोंगा झाला की ते निघत, आणि परत येत ते दात व डोळे तेवढे पांढरे असलेले. अंघोळ झाल्यावर ते आम्हा मुलांना घेऊन बसत आणि खाणीच्या गोष्टी सांगत. वरोऱ्याची खाण १८७१ च्या सुमारास निघाली आणि १९०६ साली बंद पडली; घुग्घुसच्या खाणीही ब्रिटिश अमदानीपासूनच्या; मग १९७३ साली कोळसा सरकारचा झाला. या इतिहासात आम्हांला गोडी नव्हती. आम्हांला हवे असे ते जमिनीखालचे गाव. मामा अंगणात काडीने आकृती काढून दाखवीत. "हे पाहा, कोळसा सगळा नाही काढत. मधामधात खांब सोडतो कोळशाचेच. दोन खांबांच्या मधून गल्ली. छत त्या खांबांवर." मग थोडे थांबून म्हणत, "आन् तुमी झोपता ना, त्याच्या खालीबी गल्ल्या असतील एखांद्या वक्ती." त्या रात्री आम्ही मामेभावंडे जमिनीला कान लावून पडत असू.

पुढे मी नोकरीला लागलो, आईवडील गेले, मामा निवृत्त झाले आणि गावातच स्वतःचे लहानसे घर बांधून राहिले. मामेभाऊ पोटामागे दूर गेला. खिशात दूरध्वनी आला, आणि दर पंधरवड्याला मामांची खुशाली कळू लागली. ती इतकी नियमाने कळू लागली, की जाण्याची गरजच उरली नाही.

मग ऑगस्ट २०२२ मध्ये ती बातमी आली. घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गेले. भिंतीसकट, छपरासकट, साठ-सत्तर फूट खोल. घरातली माणसे वेळीच बाहेर धावली म्हणून वाचली. खाली जुनी भुयारी खाण होती. आजूबाजूच्या पुष्कळ कुटुंबांना घरे सोडावी लागली. मी तत्काळ मामांना दूरध्वनी केला. ते म्हणाले, "आपलं घर तिथून दूर हाय. सगळं ठीक हाय. तू कायजी करू नको." मी म्हटले, "येतो लवकरच." हे 'लवकरच' मी पुढल्या सर्व संभाषणांत इमानाने वापरले.

तर गेल्या कार्तिकातला तो रविवार. बँकेत असलेला माझा एक मित्र सहकुटुंब दारात उभा राहिला. जुनीच पण त्याला नवीन अशी मोटार दाखवायला. चहा झाला. मोटारीचे कौतुक झाले. "कुठेतरी जाऊ या," तो म्हणाला. कुठे, यावर पेंच, रामटेक, सेवाग्राम अशी नावे निघाली, आणि माझ्या तोंडून, का कोण जाणे, निघून गेले, "घुग्घुस." सौ.ने माझ्याकडे पाहिले ते थेट आईच्या नजरेने. "अहो, मामींना आधी कळवा तरी!" मी वडिलांसारखा म्हणालो, "कळवले तर त्या सकाळपासून रांधत बसतील." आणि आम्ही निघालो.

सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता. जाम मागे पडले, वरोरा आले. बाबा आमट्यांच्या आनंदवनाची पाटी दिसली तशी मित्राला उतरायची इच्छा झाली. भद्रावतीला तर भद्रनागाचे देऊळ, जैन मंदिर आणि विजासनची बौद्ध लेणी अशा तीन इच्छा एकदम झाल्या. मी त्या सर्व परतीच्या वाटेवर टाकल्या. ताडाली गेले, आणि ताडपत्री बांधलेल्या कोळशाच्या ट्रकांमागे आमची मोटार मुंगीच्या गतीने चालू लागली. क्षितिजावर डोंगर दिसले. मित्राच्या मुलाने विचारले, "हा कुठला डोंगर?" तो डोंगर नव्हता. उघड्या खाणीतून वर काढून टाकलेली माती होती ती. माझ्या लहानपणी तिथे आकाश होते.

मामांच्या गल्लीत शिरलो. घर ओळखले. दाराला कुलूप होते.

न कळवता जाणाऱ्याच्या नशिबात कुलूप असतेच, आणि एरवी मी हसलो असतो. पण ती बातमी वाचलेल्या माणसाला घुग्घुसमधले कुलूप निराळे दिसते. पडवीत वाळवण नव्हते, तुळशीपुढे सकाळची रांगोळी नव्हती. इतक्या दिवसांत आपण आलो नाही, आणि आज आलो तर... सौ.ने माझ्या दंडाला हात लावला. तेवढ्यात शेजारच्या दारातून म्हाताऱ्या तेलुगू बाई बाहेर आल्या. त्यांनी मला निरखले आणि आईचे नाव घेऊन विचारले, "तिचा पोरगा ना तू?" तीस वर्षांपूर्वीचे लोणचे माझ्या जिभेवर आले. "वढ्याले गेले दोघं. कार्तिक हाय ना. पाटेच गेले."

वढा घुग्घुसपासून जवळच. पश्चिमेकडून येणारी पैनगंगा तिथे वर्धेला मिळते. विठ्ठल-रुक्मिणीचे देऊळ आहे, कार्तिकात जत्रा भरते, आणि ज्यांना पंढरपूर दूर पडते ते इथल्या विठोबाला भेटून समाधान मानतात. पलीकडच्या काठावर यवतमाळ जिल्ह्यातले जुगाद, तिथे शंकराचे जुने देऊळ. एक नदी मध्य प्रदेशात मुलताईकडे उगम पावलेली, दुसरी बुलढाणा जिल्ह्यातल्या डोंगरांतली. पुढे हीच वर्धा वैनगंगेला मिळते, तिची प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीला जाऊन मिळते.

मामा वाळूत बसले होते. शेजारी मामी, आणि दोघांमध्ये फडक्यात बांधलेली शिदोरी. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी वर पाहिले, डोळ्यांवर हात धरला, आणि पहिला प्रश्न केला तो हाच: "काहून गा, फोन नाही केला?" मग त्यांना काही सुचेना. ते उठू लागले, मी वाकलो, आणि त्या गडबडीत नमस्कार कुणी कुणाला केला ते समजले नाही. मामी मात्र भानावर होती. ती मागे वळून, तिथे कुणी नसतानाही, म्हणाली, "अवं माय, नागपूरवाले आले!"

दोघांची शिदोरी आठांत वाटली. वाट्याला भाकरीचा चतकोर, मिरचीचा ठेचा आणि अर्धा वडा आला. मुलांनी कुरकुर केली नाही, हे नमूद करण्याजोगे.

संध्याकाळी घरी परतलो. मामी कुलूप काढून आत गेली; तिच्यामागे मी. मामा मोटार लावण्याची जागा दाखवीत बाहेर राहिले होते. आतल्या खोलीच्या भिंतीवर छतापासून खाली उतरलेली एक भेग होती. बोटभरही रुंद नसेल. तिच्या टोकाशी पेन्सिलीने आडवी रेघ ओढलेली, आणि रेघेशेजारी तारीख. त्याखाली दुसरी रेघ, दुसरी तारीख. अशा सात. भिंतीशी खाली एक मोठे कॅलेंडर गुंडाळून ठेवलेले होते, आणि वर रिकामा खिळा होता.

मामा आत आले आणि त्यांनी माझ्या पाठीमागून ते कॅलेंडर उचलले. तोवर उशीर झाला होता.

"कोणी येनार असलं का लावतो," ते म्हणाले. त्या आवाजात चोरी पकडली गेल्याची ओशाळ होती.

मग त्यांनी समजावून सांगितले, लहानपणी अंगणात काडीने सांगत तसेच. इथली माती काळी. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून या भागातल्या घरांना भेगा पडतातच. मातीची भेग असली तर ती उन्हाळ्यात उघडेल आणि पावसाळ्यात मिटेल. खालच्या पोकळीची असली तर नुसती वाढतच जाईल. "दोन पावसाळे पाहिले. मिटते थोडीशी. मातीचीच असावी." असावी म्हणाले, आहे म्हणाले नाहीत. मी विचारले, "फोनवर का नाही सांगितले?" ते म्हणाले, "फोनवर भेग कशी दाखवू? आन् तू तिथं बसून काय करशील? झोप उडाली असती तुझी."

दर पंधरवड्याची 'सगळं ठीक हाय' मला आठवली. ती खोटी नव्हती. तिच्यावर फक्त एक कॅलेंडर लावलेले होते. आधी कळवून गेलो असतो तर मला स्वच्छ भिंत दिसली असती, गोडधोड जेवण मिळाले असते, आणि मी निश्चिंत मनाने परतलो असतो.

मी नागपूरला चला म्हणून आग्रह केला. त्यांनी ऐकला नाही. आयुष्यभर ज्या जमिनीच्या पोटात वावरलो तिच्या पाठीवर निजायला भ्यायचे काय, असे ते हसून म्हणाले. मामी हसली नाही. अखेर एवढेच ठरले, की जाणकाराला बोलावून घर दाखवायचे, आणि भेग पावसाळ्यात मिटली नाही तर वाद न घालता निघायचे. निघताना मामीने सौ.च्या हातात घराची दुसरी किल्ली ठेवली. "पुन्हा कुलूप दिसन तं भेयाचं नाही," ती म्हणाली.

त्यानंतर आम्ही चार वेळा घुग्घुसला जाऊन आलो. चारही वेळा न कळवता. जाणकार पाहून गेला. त्यालाही मातीच वाटली. या पावसाळ्यात भेग काहीशी मिटली. भिंतीवरची आठवी रेघ माझ्या मुलीने ओढली आहे, आणि तारीख तिच्या हस्ताक्षरात आहे. खिळ्यावर कॅलेंडर नाही.

वाचकहो, हा अंक वाचून होईतो घरात फराळाचे डबे अर्धे भरलेले असतील. त्यांतला एक घ्या आणि ज्यांना 'येतो लवकरच' असे सांगून ठेवले आहे त्यांच्याकडे निघा. कुलूप असेल तर शेजारी विचारा. शेजारी सांगतात.