जिपेचा श्वास

दिंडीच्या जुन्या जिपेखाली तेलाचा काळा ठिपका पहिल्यांदा पाहिला तो नातीने. "आजोबा, गावात पावसाच्या थेंबाथेंबाचा हिशोब ठेवतात आणि आपली जीप अंगणात तेल सांडते," असं शाळेला निघता निघता ती बोलून गेली.

आमच्या हिवरे बाजारात हे बोलणं झोंबतं. आम्ही 1972 चा दुष्काळ पाहिलेली माणसं. 1990 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे डोंगरावर समतल चर खणले गेले, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आली, शेतीला बोअर घ्यायची नाही असं ठरलं. पाऊस मोजायचा आणि मगच पीक ठरवायचं, अशी गावाची रीत पडली. अशा गावात गळकी वस्तू दारात उभी करायला लाज वाटते.

शिवाय वारी तोंडावर आलेली. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून नगरला येते, तिथे आमची दिंडी मिळते आणि मिरजगाव, करमाळा करत पंढरीला जाते. भांडी, ताडपत्र्या, शिधा त्या जिपेतच. पाय सुजलेली एखादी म्हातारीही तिच्यातच बसते. ती वाटेत उभी राहिली तर रात्री पंगत बसायची नाही.

नगरच्या मिस्त्रीकडे गेलो. ओळखीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने चाकांना दगड लावले, खाली शिरून प्रोपेलर शाफ्ट सोडवला, गिअरबॉक्सच्या मागचं ऑइल सील उचकटून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. बाहेरून लोखंडी कडं, आत रबराचा पातळ ओठ, त्याभोवती बारीक गोल स्प्रिंग. शाफ्ट गरागरा फिरतो आणि हा ओठ त्याला नुसता टेकून असतो, तेवढ्यावर तेल आत राहतं. "वयाने रबर ताठर झालंय, महाराज," तो म्हणाला. मला हसू आलं. वयाने ताठर होणं मला वेगळं शिकवायला नको.

नव्या सीलच्या ओठाला तेल लावून, लाकडी ठोकळ्याने चहूबाजूंनी सारखं ठोकत त्याने ते बसवलं, नव्वद नंबरचं तेल भरलं. मी समाधानाने घरी आलो. सकाळी पाहतो तर जमीन पुन्हा ओली.

मग जे झालं ते लिहायला नको वाटतं. तडक नगरला जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणालो, "खोटा माल बसवलास. वारकऱ्याला फसवतोस?" गळ्यात तुळशीची माळ. जोग महाराजांनी आळंदीला 1917 साली काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत मी चार वर्षं शिकलो, पुढे जन्मभर क्रोधावर निरूपण केलं. तो फक्त म्हणाला, "गाडी ठेवून जा महाराज, संध्याकाळी बघतो."

संध्याकाळी गेलो तर जिपेच्या पायाखालचा पत्रा काढलेला. गिअरबॉक्सच्या माथ्यावर सुपारीएवढं एक बोंडूक त्याने दाखवलं. त्याला ब्रीदर म्हणतात. गिअर फिरले की तेल तापतं, आतली हवा फुगते आणि त्या बारीक छिद्रातून निघून जाते. छिद्र बुजलं तर ती दुसरी वाट काढते आणि सीलच्या ओठातून तेलाला घेऊनच बाहेर पडते. सील कितीही नवं घाला. कीर्तनात असतो तर इथे मी प्राणायामावर गेलो असतो, पण मिस्त्रीने विचारलं, "हा काळा रंग कोणी मारला?"

छिद्रावर रंगाचा जाड थर होता. पाडव्याला मीच पत्रे काढून जीप आतून-खालून रंगवून घेतली होती. दिंडीत गाडी नव्यासारखी दिसावी म्हणून. रंगाऱ्याला बजावलंही होतं, कुठे जागा सोडू नकोस.

त्याने रंग खरवडला, तारेने छिद्र मोकळं केलं, पत्रा बसवला. पैसे घेतले नाहीत. "जुनं सीलसुद्धा अजून थोडे दिवस चाललं असतं," एवढंच बोलला. मी हात जोडून चुकलो म्हणालो. पण तेव्हा दुकान रिकामं होतं.

घरी आल्यावर झोप लागेना. अपमान चौघांसमोर केला आणि माफी मात्र एकट्यात मागितली. आपल्याकडे वाटेत भेटेल त्याच्या पाया पडायची रीत आहे, वय-जात न बघता, आणि मी मात्र कोणी बघत नसल्याची वेळ साधली होती. वेळ ठरवून साधली नव्हती, हे खरं. पण तसं झाल्याचं बरं वाटलं होतं, हेही खरं.

सकाळी एसटीने पुन्हा नगर. दुकानात गर्दी होती, कालची दोन तोंडंही त्यात होती. मी म्हणालो, "काल या माणसाला मी खोटं ठरवलं. गळती माझ्या हौसेची होती," आणि वाकलो. तो दचकून मागे सरला. "महाराज, हात तेलाचे आहेत!" त्याने मनगटांनी माझे खांदे धरून मला उठवलं आणि लगेच, जणू काही झालंच नाही अशा आवाजात विचारलं, "रात्री खाली पुठ्ठा टाकला होता का?"

टाकला होता. कोरडा होता.