शेजारचं टेबल

संध्याकाळी सहाला एश्बॉर्न ज्यूड स्टेशनवर उभं राहिलं की गंमत दिसते. या गावात राहणाऱ्यांपेक्षा कामाला येणारे जास्त. २०१० मध्ये फ्रँकफुर्टचा शेअरबाजार चालवणारी कंपनीसुद्धा इथेच आली. सगळे एस-३ नाहीतर एस-४ पकडून पसार होतात. काचेच्या इमारतींत उरतात ते सफाईवाले आणि माझ्यासारखे, घरी जायची घाई नसलेले.

पीएचडी करताना जर्मन सुधारावं म्हणून मी 'श्ट्रोमबेर्ग' बघायला लागलो. २००४ ते २०१२ या काळात प्रोझीबेनवर चाललेली विनोदी मालिका, ब्रिटिश 'द ऑफिस'च्या धर्तीची. विमा कंपनीतला बढाईखोर साहेब आणि त्याच्या हाताखालची माणसं. त्यातला एक एर्नी. बावळट, भित्रा. शेजारचा उल्फ सतत त्याची टर उडवणार. मीही पोट धरून हसायचो! पण ही मंडळी मधूनच एकेकटी कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात ना, तिथे पुढेपुढे हसू येईना. शेजारच्या टेबलाला जे सांगता येत नाही, ते कॅमेऱ्याला सांगायचं...

आमच्याकडे कॅमेरा नाही. माझ्या शेजारी चार वर्षं एकच सहकारी बसतो. रोज 'मालत्साइट' म्हणून आम्ही एकत्र जेवतो. त्याची गाडी लिटरला किती पळते ते मला माहीत, बायकोचं नाव माहीत नाही. गेल्या नोव्हेंबरात कॉफी मशीनपाशी तो म्हणाला, "आम्ही वेगळे झालो. मार्चमध्ये." आठ महिने! आणि मी काय बोलावं? "अच्छा... बरं, तो कालचा डेटा पाठवशील ना?"

त्याने पाठवला. वीस मिनिटांत.

जर्मन माणसं थंड असतात, हे आपलं आवडतं वाक्य. पुण्यात असतो तर टपरीवर चहाबरोबर सगळं बाहेर आलं असतं, असंही आपण म्हणतो. (आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या खात्याला कळलं असतं, हे सांगत नाही.) पण त्या दिवशी थंड कोण होतं?

शुक्रवारी त्याच्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत गेलो. सॉरी म्हणायचं होतं, जमेना. एक एस-४ सोडली. दुसरीही सोडली. मग तोच म्हणाला, "तुझे वडील आता बरे आहेत ना?"

उन्हाळ्यात बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी जिन्यात जाऊन आईला फोन करायचो, आणि परत येऊन 'आलेस गूट' म्हणायचो. मराठी त्याला कुठून कळणार? पण 'हॉस्पिटल' आणि 'स्टेंट' जर्मनमध्येही तेच.