माथेरानच्या लाल वाटेवर घोड्याचा फोटो काढताना

माथेरानला जाणार असाल तर मोबाइल पूर्ण चार्ज करा आणि पायात चांगले बूट घाला. तुमची गाडी दस्तुरी नाक्यालाच थांबणार, कारण पुढे पर्यटकांच्या मोटारींना बंदी आहे. १९०७ पासूनची छोटी रेल्वे आहे, अलीकडे ई-रिक्षाही आल्या आहेत. पण सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या या गावाची खरी मजा गर्द झाडीतल्या लाल मातीच्या वाटेवर चालण्यातच आहे. त्या वाटेवर तुमच्या सोबतीला असतात घोडे. कुणाच्या पाठीवर पर्यटक, कुणाच्या पाठीवर सामान.

साहजिकच फोटो काढावासा वाटतो. काढाच! फक्त एक लक्षात ठेवा. घोडा हा बुजरा प्राणी आहे. तो अचानक दचकला तर पाठीवर बसलेलं लहान मूल खाली पडू शकतं. म्हणूनच फोटोच्या आधी घोड्याचा विचार करायचा.

आधी त्याला तुम्ही दिसू द्या

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण शेपटीच्या थेट मागचं आणि कपाळासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. मागून गेलात तर लाथ बसू शकते. त्याच्या खांद्याच्या दिशेने, थोडं तिरकं, सावकाश चालत जा. हळू आवाजात बोलत राहिलात तर तुम्ही येताय हे त्याला कळतं.

कान काय सांगतात?

कान सैल आणि एक मागचा पाय किंचित दुमडलेला असेल तर घोडा निवांत आहे. कान तुमच्याकडे टवकारले असतील तर तो तुमचा अंदाज घेतोय, तिथेच थांबा. कान मागे चिकटवले, शेपूट जोरात झटकायला लागला, तर फोन खाली करा आणि मागे व्हा. वाट पाहिली तर बऱ्याचदा तोच मान वळवून तुमच्याकडे पाहतो. तोच तुमचा फोटो!

मोबाइल कसा धरायचा?

फ्लॅश आणि कॅमेऱ्याचा आवाज दोन्ही बंद ठेवा. फोन तोंडाजवळ नेऊ नका. खूप जवळून नाक मोठं आणि शरीर लहान दिसतं. चार-पाच पावलं लांब उभं राहून दुप्पट झूम करा. फोन घोड्याच्या डोळ्याच्या उंचीवर धरा आणि स्क्रीनवर डोळ्यावरच बोट टेकवून फोकस करा. सकाळचं कोवळं ऊन बाजूने येत असेल तर आयाळीचा केस न् केस उठून दिसतो. दुपारी मात्र सावलीतला घोडा शोधा.

चालता घोडा टिपायचा असेल तर त्याच्या वाटेत उभं राहू नका. कड्याची बाजू सोडून डोंगराच्या बाजूला थांबा आणि त्याला जाऊ द्या. मुलांचा हात धरा. प्लास्टिकची पिशवी फडफडवणं, छत्री फटकन उघडणं टाळा.

खाऊ नको, परवानगी हवी

बिस्किटं, वेफर्स घोड्यापुढे धरू नका. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे चुकीचं खाणं त्याच्या पोटाला फार महागात पडू शकतं. आणि घोडेवाल्याला विचारल्याशिवाय फोटो नको. "दादा, एक फोटो काढू का?" एवढं पुरतं. त्याचं काम चालू असेल तर थांबा. खोगीर उतरवून घोडा पाणी पीत असतो, तेव्हा त्यालाही सवड असते आणि फोटोही सुंदर येतो.

फोटो काढून झाला की घोडेवाल्याला दाखवा आणि घोड्याचं नाव विचारा. घरी आल्यावर फॅमिली ग्रुपवर फोटो टाकाल, तेव्हा खाली नुसतं 'माथेरान' लिहू नका. त्या घोड्याचं नावही लिहा.