चवीपुरता धूर

धुराइतका बदनाम पदार्थ दुसरा नसेल. डास हुसकावायचे तर धूर, उंदराला बिळातून काढायचे तर धूर, पोळ्यावरच्या मधमाश्या उठवायच्या तरीही धूरच! पण हाच धूर चवीपुरता अन्नात उतरला, की आपण बोटे चाटत बसतो. वांगे निखाऱ्यावर भाजलेले नसेल, तर त्याला भरीत म्हणायला जीभ धजत नाही. आणि आम्हां मराठवाड्याच्या माणसांना हुरड्याविषयी काय सांगावे! पौषाच्या थंडीत शेतात आगटी पेटते, गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कोवळी कणसे भाजतात, आणि हातावर चोळलेले ते गरम दाणे तोंडात पडले, की गोडवा कुठे संपला आणि धूर कुठे सुरू झाला हे कळत नाही.

गेल्या दिवाळीत हा धूर मला बाटलीत भेटला. माझा भाचा जर्मनीत नोकरीला असतो. पुंडलिकनगरातल्या आमच्या घरी तो फराळाला आला आणि चकलीच्या ताटाशेजारी त्याने एक बाटली हळूच ठेवली. आमच्या सौभाग्यवतींनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिले, की ती बाटली आपण होऊन मागे सरकते की काय, असे मला वाटले.

तसे आमच्या शहराला बिअरचे अप्रूप नाही. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत तिचे मोठे कारखाने आहेत. 2016 च्या दुष्काळात त्यांच्या पाण्याचा वाद उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठापुढे गेला होता आणि न्यायालयाने त्यात कपात करायला लावली होती. पण इथली नेहमीची बिअर पिवळी असते. ही होती गुळाच्या पाकासारखी तपकिरी. पहिला घोट घेतला आणि मी दचकून स्वयंपाकघराकडे पाहिले. काही करपले तर नाही ना?

भाचा हसला. म्हणाला, "मामा, पहिल्या घोटावर निकाल देऊ नका. हिची ओळख तिसऱ्या घोटाला होते."

मग त्याने सगळी हकीकत सांगितली. बांबेर्ग नावाच्या गावात ही बिअर होते. आपण नाचणीचे सत्त्व करताना नाचणी भिजवून मोड आणतो ना, तसे तिथे जवाला मोड आणतात. ते मोड वाळवायचे असतात. पूर्वी भट्टीत लाकडे पेटवत आणि वर पसरलेल्या दाण्यांना उष्णतेबरोबर धूरही लागे. म्हणजे त्या काळी बिअरला धुराचा वास असणे ही काही खासियत नव्हती; तो नाइलाज होता! पुढे धूर दाण्यापर्यंत पोहोचू न देणाऱ्या भट्ट्या निघाल्या आणि जगाने सुटकेचा श्वास टाकला. बांबेर्गच्या दोन घरांनी मात्र जुनी रीत सोडली नाही. एक श्लेंकेर्ला, 1405 पासूनचे; दुसरे श्पेत्सियाल, 1536 पासूनचे. ही दोघे आजही बीच नावाच्या झाडाची लाकडे पेटवून आपले जव स्वतः धुरावतात.

तिसऱ्या घोटाला खरेच गंमत झाली. नाक धुराला सरावले, तो जरा मागे सरला आणि त्याच्या आडून भाजक्या धान्याचा गोडवा पुढे आला. मी डोळे मिटले. आगटी, गोवऱ्या, हुरडा! मी भाच्याला म्हटले, "अरे, हा तर आपलाच पाहुणा!"

सौभाग्यवती इतका वेळ गप्प होत्या. करंजीचे ताट पुढे सारत त्या म्हणाल्या, "धूर बाटलीत भरून विकतात होय? सासूबाईंनी तर तो जन्मभर फुकट गिळला."

माझा पेला हातातच राहिला.

आई चुलीपुढे बसायची. पावसाळ्यात पऱ्हाट्या ओल्या असत. फुंकणीने फुंकून फुंकून तिचा दम जाई, पण जाळ काही धरत नसे. तिचे डोळे सदा लाल आणि खोकला सोबतीला. 1985 साली गावच्या घरी गॅसची शेगडी आली, तेव्हा पहिल्याच जेवणाला वडील म्हणाले, "भाकरीची चव गेली." आईने भाकरी वाढता वाढता उत्तर दिले, "चव गेली तं जाऊ द्या. मला आज तुमची तोंडं नीट दिसाय लागली."

बांबेर्गच्या त्या दोन घरांचे मला कौतुक वाटते. सुटकेची वाट मोकळी असतानाही त्यांनी धूर आवडीने ठेवून घेतला. माझ्या आईपुढे अशी वाट फार उशिरा आली, आणि ती दिसताच तिने एका क्षणात धूर सोडला. दोघांचेही बरोबरच होते. धुराला चव आहे, हे अगदी खरे. पण ती पानावर बसलेल्याला लागते. फुंकणी हातात असलेल्याच्या वाट्याला नुसता धूर येतो.

येत्या पौषात आम्ही हुरड्याला गावी जाणार आहोत. घरातल्या बायकांना मी आताच सांगून ठेवले आहे: तुम्ही वारा येतो त्या अंगाला बसा, आगटीपाशी मी बसतो.