सूर्यास्ताची वेळ



तेलंगणा सरकारने २०२५ च्या रमजानमध्ये मुस्लिम कर्मचाऱ्यांना दुपारी चार वाजताच कार्यालय सोडण्याची मुभा दिली. बातमी चार ओळींची. पण त्या संध्याकाळी हरिपाठात माझे चित्त लागले नाही. का, ते तुम्हांला सांगतो.

मी एका सरकारी कार्यालयात हेडक्लार्क होतो. दरवर्षी दिंडीबरोबर पायी जायचो आणि मागे माझे टेबल सांभाळायचा एक मुसलमान सहकारी. त्यांच्या पंचांगात आपल्यासारखा अधिकमास नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१४ साली आषाढी रमजानातच आली. दिवसभर पाण्याचा घोटही न घेता त्याने माझ्या फायली उरकल्या.

पंढरीहून परतलो तेव्हा रोजे चालूच होते. मी प्रसादाची पुडी पुढे केली. ती रुमालात बांधत तो चाचरत म्हणाला, "भाऊसाहेब, पाचची एसटी मिळाली तर रोजा घरी सोडता येईल. जरा लवकर निघू का?"

मी म्हटले, "तसा नियम नाही."

पुढे शिपायाकडून कळले, त्या दिवशी त्याने एसटीतच रोजा सोडला, माझ्याच चुरमुऱ्यांवर.

नियम खरोखरच नव्हता, माउली. पण १८०५ च्या डिसेंबरात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी ट्युनिसच्या वकिलाला जेवायला बोलावले. पाहुण्याचा रोजा आहे असे कळल्यावर दुपारी साडेतीनचे जेवण त्यांनी सूर्यास्ताला ठेवले. त्यांना तरी कोणता नियम होता? आणि इतक्या लांब कशाला जायचे! तुकोबारायांची पालखी देहूतून निघते, तेव्हा पहिली अभंग-आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते. तिथे मी कितीदा टाळ वाजवला आहे. गळ्यात माळ तेव्हाही होती आणि "नियम नाही" म्हणताना खुर्चीतही होतीच.

बातमी वाचल्यावर दोन दिवसांनी धीर करून त्याला फोन लावला. आता तोही निवृत्त झाला आहे. ती पाचची एसटी मी काढली, तर तो हसला. "ते कुठे लक्षात ठेवलंत, भाऊसाहेब? यंदा प्रस्थान कधी आहे, ते सांगा. पायांना झेपतंय ना?"